रांग आखूड व्हावी, तपास नव्हे

ट्युनिशियाच्या फेरिद अलानी यांनी वेबवरची माहिती आणि सेवा चटकन हाती याव्यात यासाठी एक पद्धत व उपकरण शोधले आणि डिसेंबर २००० मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज केला. २००२ मध्ये तो अर्ज दिल्लीच्या पेटंट कार्यालयात दाखल झाला. 'हे तर नुसते सॉफ्टवेअर' असे म्हणत कार्यालयाने तो फेटाळला. मग अपील मंडळ, मग दिल्ली उच्च न्यायालय. डिसेंबर २०१९ मध्ये न्या. प्रतिभा सिंह यांनी अर्जाचा नव्याने विचार करण्याचा आदेश दिला. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ब्लॉकचेनच्या काळात संगणक प्रोग्रॅमवर उभ्या असलेल्या प्रत्येक शोधाला पेटंट नाकारणे म्हणजे मागे जाणे होईल, असे मत त्यांनी त्या वेळी नोंदवले. जुलै २०२० मध्ये अपील मंडळाने पेटंट मंजूर केले.

पेटंटचे आयुष्य २० वर्षांचे असते आणि ते अर्जाच्या तारखेपासून मोजतात. अलानींच्या पदरात पडलेल्या हक्काचे तेव्हा पाचेक महिने उरले होते. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्याच्या दिवसांत सुचलेली कल्पना मान्य झाली तेव्हा लोकांच्या खिशात स्मार्टफोन येऊन दशक उलटले होते.

दुसरी फाइल मुंबईची. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या एका क्षाराचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनने मागितले होते. २००९ मध्ये मुंबईत आलेल्या या अर्जावर निकाल लागला तो मार्च २०२३ मध्ये. तोही नकाराचा. या नकारामुळे औषध स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली आणि जगभरच्या क्षयरुग्णांनी त्याचे स्वागत केले.

एका फाइलीत दिरंगाईने शोधकाचा हक्क गिळला. दुसरीत निकालाला चौदा वर्षे लागली, पण तेवढ्या काळात सामान्य माणसांना आत येऊन हरकत घेता आली. क्वांटम, जनुकीय उपचार, बॅटऱ्या, सेमीकंडक्टर, कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या पेटंटांचा निपटारा वेगाने व्हावा अशी मागणी आज सरकार, उद्योग आणि विद्यापीठे एका सुरात करत आहेत. तिचा विचार करताना या दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवायला हव्यात.

अर्ज आत गेल्यावर

भारतात पेटंटची चार कार्यालये आहेत : कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे अर्ज मुंबईत अंटॉप हिलच्या 'बौद्धिक संपदा भवना'त येतात. साधारणपणे अर्ज १८ महिने गुप्त राहतो, मग दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. तो आपोआप तपासला जात नाही. परीक्षणाची वेगळी विनंती करावी लागते. तिची मुदत पूर्वी ४८ महिने होती, मार्च २०२४ च्या नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली.

विनंती केल्यावर अर्ज परीक्षकाच्या रांगेत लागतो. परीक्षक जगभरचे आधीचे पेटंट, शोधनिबंध, पुस्तके चाळतो आणि तीन गोष्टी पाहतो. शोध नवा आहे का? त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचला असता का? आणि त्याचा औद्योगिक उपयोग आहे का? शिवाय १९७० च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम आहेच. नुसते अल्गोरिदम, गणिती पद्धती, जुन्याच औषधाची परिणामकारकता न वाढवणारी नवी रूपे यांना या कलमाने दार बंद केले आहे. परीक्षकाचा पहिला अहवाल, ज्याला या क्षेत्रात सगळे 'एफईआर' म्हणतात, तो आला की अर्जदाराला उत्तरासाठी सहा महिने मिळतात. मग लागली तर सुनावणी आणि शेवटी नियंत्रकाचा निर्णय.

या सगळ्या काळात घड्याळ चालूच असते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून अर्जदाराला हक्क असल्यासारखा धरतात खरे, पण पेटंट मंजूर होईपर्यंत नक्कल करणाऱ्यावर त्याला दावा ठोकता येत नाही. उशिराची भरपाई म्हणून मुदत वाढवून द्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. ती नाही हे योग्यच आहे. ब्राझीलमध्ये मंजुरीपासून किमान दहा वर्षे हक्क देणारी तरतूद होती. कार्यालय जितके रेंगाळेल तितकी मक्तेदारी लांबे आणि औषधे महाग राहत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. कार्यालयाच्या ढिलाईचा दंड जनतेने भरायचा कशासाठी?

नव्या तंत्रज्ञानात उशिराची झळ दुप्पट लागते. रासायनिक रेणूचे बाजारातले आयुष्य दशकांचे असते, चिपच्या रचनेचे किंवा यंत्रशिक्षणातल्या युक्तीचे काही वर्षांचे. पेटंट हाती येईस्तोवर ती युक्ती जुनी झालेली असते. पुण्या-मुंबईतल्या तरुण कंपनीकडे कारखाना नसतो, जमीन नसते. गुंतवणूकदारासमोर ठेवायला तिच्याकडे तो एक कागद असतो आणि तोच अडकून पडतो.

उशिराने फक्त अर्जदाराचे नुकसान होते असेही नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांच्या इंटिग्रेटेड सर्किटचा जपानी अर्ज १९६० चा. मंजुरी मिळाली १९८९ मध्ये. मधल्या काळात जपानचा सारा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग त्या तंत्रावर उभा राहिला होता आणि एकाएकी त्याच्यापुढे रॉयल्टीची मागणी आली. प्रकरण जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे २००० मध्ये निकाल लागला. कुणाचे काय आहे हे वेळेवर ठरले नाही, तर प्रामाणिकपणे उद्योग करणाऱ्यालाही आपण दुसऱ्याच्या हद्दीत उभे आहोत की नाही हे कळत नाही.

माणसांचा हिशेब

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी संजीव सन्याल आणि आकांक्षा अरोरा यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले आकडे या प्रश्नाच्या मुळाशी नेतात. मार्च २०२२ अखेर भारताच्या पेटंट कार्यालयात परीक्षक आणि नियंत्रक मिळून ८६० माणसे होती. चीनमध्ये १३,७०४, अमेरिकेत ८,१३२. एका अर्जाच्या निपटाऱ्याला आपल्याकडे सरासरी ५८ महिने लागत, चीनमध्ये सुमारे २० आणि अमेरिकेत २३. नियंत्रकांच्या टेबलावर १ लाख ६४ हजार अर्ज तुंबले होते.

५८ महिन्यांतला फार थोडा वेळ कुणी अर्ज वाचत असते. अमेरिकेत एका अर्जाचे परीक्षण पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला परीक्षकाला सरासरी विसेक तास मिळतात. आपल्याकडे समजा यापेक्षा जास्त दिले, तरी ते काही आठवड्यांचे काम होईल. बाकीची वर्षे फाइल नुसती पडून असते. वेगाची चर्चा करताना पडून राहण्याचा वेळ आणि वाचण्याचा वेळ वेगवेगळे मोजावे लागतात. पहिला जितका कमी होईल तितका चांगला. दुसऱ्याला कात्री लावली की पेटंट पोकळ होते.

हे अमेरिकेतल्याच एका संशोधनातून दिसते. मायकेल फ्रेक्स आणि मेलिसा वॉसरमन या दोन अभ्यासकांनी परीक्षकांच्या बढत्यांचा माग काढला. बढती मिळाली की परीक्षकाला दर अर्जामागे मिळणारे तास कमी होतात. तास कमी झाले की तोच माणूस पूर्वीचे ज्ञान कमी शोधतो आणि मंजुऱ्या जास्त देतो, असे त्यांना आढळले. नाकारायचे तर पुरावा शोधावा लागतो, कारणे लिहावी लागतात. मंजुरीला तेवढे कष्ट नाहीत. घाई झाली की पारडे आपोआप मंजुरीकडे झुकते.

जलद मार्ग

भारताने मे २०१६ च्या नियमांत जलद परीक्षणाची सोय आणली. सुरुवातीला ती स्टार्टअपसाठी आणि आंतरराष्ट्रीय अर्जात शोधतपासणीसाठी भारतीय कार्यालय निवडणाऱ्यांसाठी होती. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा परीघ वाढला. लघुउद्योग, सरकारी खाती आणि कंपन्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आत आल्या. अर्जदारांत निदान एक स्त्री असली तरी ही सोय मिळू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानशी करार झाला : एका देशाने मान्य केलेल्या दाव्यांच्या आधारे दुसऱ्या देशात परीक्षण लवकर मागता येऊ लागले, मात्र भारतात वर्षाला १०० अर्जांपुरतेच.

स्टार्टअपला साध्या परीक्षणाचे शुल्क ४,००० रुपये आहे, जलद परीक्षणाचे ८,०००. परीक्षकाकडे फाइल गेली की महिन्यात, फार तर दोन महिन्यांत त्याने अहवाल द्यायचा. नियंत्रकाने तो पंधरा दिवसांत पाहायचा, पुढच्या पंधरा दिवसांत तो अर्जदाराला जायचा. शेवटचे उत्तर आल्यावर तीन महिन्यांत निर्णय. मात्र दोन अटी राखून ठेवल्या आहेत आणि त्या फार मोलाच्या आहेत. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत कुठलेही पेटंट देता येत नाही, आणि कुणी हरकत घेतली तर निर्णयाची ही तीन महिन्यांची मुदत लागू होत नाही. लोकांना वाचायला आणि बोलायला मिळावे म्हणून हा अवकाश ठेवला आहे.

आपल्या जलद मार्गाचे दार मुख्यतः अर्जदार कोण आहे ते पाहून उघडते, शोध कशाचा आहे ते पाहून नव्हे. केंद्र सरकारच्या खात्याने विनंती केली तर एखादे क्षेत्र अधिसूचित करून त्यातले अर्ज पुढे घेण्याची तरतूद नियमांत आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपये मंजूर झाले. कर्करोगावरची पहिली देशी कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेतून निघाली, टाटा मेमोरियलच्या साथीने वाढली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. अशा क्षेत्रांसाठी त्या तरतुदीचा विचार करताना इतर देशांना काय अनुभव आला ते पाहावे लागते.

ब्रिटनने मे २००९ मध्ये पर्यावरणपूरक शोधांसाठी 'ग्रीन चॅनेल' उघडले. वेगळे शुल्क नाही, शोध पर्यावरणाला कसा उपयोगी हे लिहून दिले की पुरे. दक्षिण कोरिया, जपान, अमेरिका, कॅनडा, ब्राझील, चीन यांनी आपापल्या परीने तीच वाट धरली. सिंगापूरने एप्रिल २०१९ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे पेटंट सहा महिन्यांत देण्याची योजना सुरू केली आणि पुढे जलद मार्ग सगळ्याच क्षेत्रांना खुला केला. या हरित मार्गांचा अभ्यास करणाऱ्या आंत्वान देशेझलप्रेत्र यांना दोन गोष्टी आढळल्या. मंजुरीचा काळ काही ठिकाणी पाऊण हिश्श्याने घटला. पण ज्यांना ही सवलत घेता आली असती, त्यांच्यातल्या थोड्यांनीच ती घेतली.

याला कारण आहे. लवकर निकाल म्हणजे शुल्क लवकर भरणे आणि दाव्यांची हद्द लवकर पक्की होणे. बाजार कुठे वळतो ते पाहून दावे थोडे सरकवायला मिळावेत म्हणून काही अर्जदार मुद्दाम थांबतात. स्पर्धकाच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवणेही काहींच्या सोयीचे असते. म्हणून दिरंगाईचे खापर केवळ कार्यालयावर फोडणे न्यायाचे नाही. परीक्षणाच्या विनंतीची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणणारा २०२४ चा बदल मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तो अर्जदारालाही घाई करायला लावतो.

घाईने काय घडते

स्टीफन थेलर या अमेरिकी संशोधकाने 'डॅबस' नावाच्या आपल्या संगणक प्रणालीलाच शोधक म्हणून दाखवत अनेक देशांत अर्ज केले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने शोधक माणूसच असावा लागतो असे ठरवले. दक्षिण आफ्रिकेत मात्र जुलै २०२१ मध्ये पेटंट मिळून गेले. तिथे अर्जाच्या आशयाची तपासणी होत नव्हती, कागद नीट आहेत का एवढेच पाहत. उगवत्या तंत्रज्ञानाचा सगळ्यांत मूलभूत प्रश्न तिथे कुणी न विचारताच निकाली निघाला.

याच्याही आधीचा धडा महाराष्ट्राला पाठ आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सीएसआयआरच्या महासंचालकपदी गेलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांनी ते आव्हान स्वीकारले. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. अमेरिकी परीक्षकाच्या मनात कपट नव्हते. त्याच्या संगणकावर हे ग्रंथ नव्हते. त्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय आकाराला आले आणि आयुर्वेद, युनानी, सिद्ध या परंपरांतली सूत्रे परदेशी परीक्षकांना त्यांच्या भाषांत वाचता येऊ लागली.

नव्या तंत्रज्ञानात हीच अडचण उलट्या दिशेने येते. यंत्रशिक्षणातले ताजे ज्ञान पेटंटांच्या संग्रहात नसते. ते परिषदेतल्या निबंधांत, प्रबंधांत, मुक्त सॉफ्टवेअरच्या भांडारांत असते आणि आठवड्याआठवड्याला वाढते. परीक्षकाला ते सर्वांत कमी परिचयाचे असते. म्हणजे ज्या विषयात वेगाची ओरड सर्वांत मोठी, त्याच विषयात वाचायला वेळ सर्वांत जास्त लागतो.

अंटॉप हिलचा निकाल

आता त्या दुसऱ्या फाइलीकडे. बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. चार दशकांनंतर क्षयरोगावर अगदी नव्या प्रकारचे औषध आले होते. त्याआधी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर जी इंजेक्शने देत, त्यांनी अनेकांचे कान कायमचे गेले. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन त्यांपैकी एक. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले दुसऱ्या. या दोघींनी फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबई कार्यालयात हरकत दाखल केली. औषधाचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच रेणूच्या क्षाराचे पेटंट मिळाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. रेणूचा असा क्षार बनवणे जाणकाराला सहज सुचणारे आहे, असे कार्यालयाने मान्य केले आणि अर्ज फेटाळला. मुंबईच्या ल्युपिनसह भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे पुढे आली, किंमत उतरली.

मंजुरीपूर्वी कुणीही हरकत घेऊ शकते, हे आपल्या कायद्याच्या २५ व्या कलमाचे बळ. त्यासाठी कंपनी असावे लागत नाही, स्पर्धक असावे लागत नाही. मंजुरीनंतर हाच अधिकार फक्त हितसंबंध असलेल्यांना आणि वर्षभरापुरता मिळतो. नंतर उरते न्यायालय. बेडाक्विलिनचा अर्ज २०१० मध्ये झटपट मंजूर झाला असता, तर औषध बाजारात येण्यापूर्वीच हरकतीचे दार बंद झाले असते. ज्यांच्या शरीरावर या निर्णयाचे परिणाम होणार होते, त्यांना तोवर अर्जाचा पत्ताही नव्हता.

याचा अर्थ चौदा वर्षांचे समर्थन करावे असा नाही. नंदिता आणि फुमेझा यांच्या हरकतीवर निकाल यायलाच चार वर्षे गेली. दिरंगाई त्यांच्याही वाट्याला आली. टिकवायचे आहे ते दार. म्हणून २०२४ च्या नियमांनी पूर्वी मोफत असलेल्या हरकतीला शुल्क लावले आणि ती प्रथमदर्शनी टिकते का हे नियंत्रकाने आधी ठरवावे अशी पायरी घातली, याची काळजी वाटते. खोट्या नावाने अर्ज अडवणारे असतात हे खरे. पण रुग्णसंघटना आणि कॉर्पोरेट स्पर्धक यांना एकाच चाळणीतून काढले, तर आधी रुग्णसंघटना गळेल.

लाखानंतर

२०१३-१४ मध्ये भारताने ४,२२७ पेटंट मंजूर केली. २०२३-२४ मध्ये १ लाख ३ हजारांहून अधिक. याच दशकात अर्ज ४३ हजारांवरून ९२ हजारांवर गेले आणि परदेशी अर्जदारांपेक्षा भारतीयांचे अर्ज जास्त झाले. तुंबलेली रांग हलली याचा आनंद मानायलाच हवा. पण २०२२ च्या मनुष्यबळाने हा आकडा भागला, तर माणशी वर्षाला सुमारे १२० मंजुऱ्या होतात, नाकारलेले अर्ज वेगळे. मधल्या काळात भरती झाली असली तरी विचारायला हवे : या मंजुऱ्यांतली किती आव्हानापुढे टिकतील? दरवर्षी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या पेटंटांची स्वतंत्र फेरतपासणी करून तिचे निष्कर्ष मंजुरीच्या आकड्याशेजारी छापावेत. नुसता मंजुरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

परीक्षकांचे प्रशिक्षण नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते. क्वांटम, पेशीउपचार, यंत्रशिक्षण यांत संशोधन केलेल्या माणसांना इथे आणले पाहिजे, त्यांना खासगी क्षेत्राकडे पळून जावेसे वाटणार नाही असा पगार आणि बढतीचा मार्ग दिला पाहिजे. नव्या विषयाच्या अर्जाला साध्या अर्जापेक्षा जास्त तास मिळाले पाहिजेत, हे परीक्षकाच्या कामाच्या मोजमापातच लिहिलेले असावे. हळदीसाठी जसे ग्रंथालय उभारले, तसे भारतीय विद्यापीठांचे प्रबंध आणि परिषदांतले निबंध परीक्षकाला एका जागी शोधता यावेत. 'शोधगंगा'सारखा प्रबंधांचा साठा तयार आहेच. आणि कायद्याचा अर्थ स्पष्ट असावा. संगणकाधारित शोधांची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये आली, त्याच वर्षी स्थगित झाली, २०१६ मध्ये नवी आली, २०१७ मध्ये बदलली, २०२५ मध्ये पुन्हा सुधारली. नियम दर वळणावर हलत असेल तर जलद मार्गावरची फाइलही वादातच अडकते. अलानींची वीस वर्षे गेली ती फक्त रांगेत नव्हे. 'नुसता प्रोग्रॅम' कशाला म्हणायचे हे ठरवण्यात त्यांतली बरीच गेली.

पेटंट हा समाजाने शोधकाशी केलेला सौदा आहे. शोधकाने आपले गुपित उघड लिहून द्यायचे आणि समाजाने त्याला वीस वर्षांची मक्तेदारी द्यायची. सौद्याची दोन्ही बाजूंनी नीट शहानिशा व्हावी आणि ती वेळेत व्हावी, ही मागणी शोधकाचीही आहे आणि रुग्णाचीही. त्यासाठी अधिक माणसे, अधिक ज्ञान आणि अधिक पैसा लागेल. तो खर्च आपण केला नाही, तर वेगासाठी परीक्षकाच्या वाचनाला आणि लोकांच्या हरकतीला कात्री लागेल, आणि त्याची किंमत ज्यांना पेटंट म्हणजे काय हे माहीतही नाही अशी माणसे औषधाच्या दुकानात मोजतील.